मासळी बारीक होत चालली आहे, तर सोसायटीने सुरुवात कुठून करावी?

प्रश्न असा आहे: पालघरकडची एक मच्छीमार सोसायटी. साठेक बोटी, बहुतेक डोलीच्या (डोल म्हणजे पाण्यात एका जागी बांधलेलं पिशवीसारखं जाळं), काही दालदीच्या म्हणजे गिलनेटच्या, थोडे ट्रॉलर. बोंबील आणि पापलेट दरवर्षी लहान येतंय. कायदा आहे पण पाळला जात नाही. सरकारची वाट न बघता सोसायटीला स्वतःच्या बळावर काय करता येईल?

बरंच करता येईल. परवाना आणि दंड सरकारच्या हातात असला तरी डिझेल, बर्फ आणि लिलावाचा ओटा सोसायटीच्या हातात असतो. डिझेलवरच्या कराचा परतावाही सोसायटीमार्फतच येतो. बोट कुठेही जाऊन मासे मारो, या तीन जागी तिला यावंच लागतं. म्हणून जो नियम या तीन जागी तपासता येतो तोच करा. जो फक्त समुद्रात तपासता येईल असा नियम सोसायटीने करू नये, तो टिकत नाही.

पण सगळ्यात आधी मोजा. "मासळी बारीक झाली" हे सगळ्यांना दिसतं, पण किती बारीक, कोणत्या महिन्यात, कोणत्या जाळ्यात, हे आकड्यात नसेल तर पहिल्याच बैठकीत डोलवाले ट्रॉलरवर आणि ट्रॉलरवाले डोलीवर बोट दाखवतात आणि विषय तिथेच संपतो. मोजायला लागते एक फळी. ६० सेंमी लांब, एका टोकाला काटकोनात ठोकलेली पट्टी, मधोमध स्टीलची मोजपट्टी चिकटवलेली. माशाचं तोंड पट्टीला टेकवायचं, तोंड मिटलेलं हवं, शेपूट सरळ करायची आणि आकडा वाचायचा. पापलेटच्या शेपटीची टोकं बऱ्याचदा तुटलेली असतात, म्हणून शेपटीच्या बेचक्यापर्यंतचं माप वेगळ्या रकान्यात लिहा. एकच पद्धत ठरवा आणि वर्षभर बदलू नका.

महिन्यातून दोनदा, एकदा उधाणाच्या दिवसांत (अमावस्या-पौर्णिमेची मोठी भरती) आणि एकदा भांगात (अष्टमीच्या आसपासची लहान भरती), प्रत्येक प्रकारच्या जाळ्याच्या तीन-चार बोटींवरून प्रत्येक जातीचे ५० मासे मोजा. इथेच सगळ्यात मोठी चूक होते: लोक निवडलेल्या क्रेटमधून मासे उचलतात. निवड झाली की मोठा माल एकीकडे आणि बारीक दुसरीकडे गेलेला असतो, आणि तुमचा आकडा खोटा ठरतो. खोला, म्हणजे जाळ्याच्या शेवटची पिशवी, रिकामा केल्यावर जो ढीग पडतो, त्यातून निवडीच्या आधी तांडेलाने (बोट चालवणाऱ्याने) एक पाटी सरसकट भरून बाजूला ठेवायची. तीच ओट्यावर मोजायची. एक सेंमीचा एक रकाना करून रेघा ओढत गेलं की दोन महिन्यांत चित्र आपोआप उभं राहतं.

सोबत मेहनतीचीही नोंद हवी. नुसते एकूण किलो फसवे असतात. पूर्वी दोन दिवसांत येणारी बोट आज आठ दिवस बाहेर राहते, इंजिन मोठं झालं, जाळी वाढली, आणि वजन तेवढंच भरतं. मग वाटतं सगळं ठीक आहे. म्हणून डोलीला दर जाळ्यामागे दर पाण्याला, म्हणजे भरती-ओहोटीच्या दर खेपेला, किती किलो, ट्रॉलरला ओढण्याच्या दर तासाला किती, गिलनेटला दर हजार मीटर जाळ्याला किती, असं लिहा. किती वाव (सुमारे सहा फुटांचा एक) पाण्यात, जाळ्याचा आस, म्हणजे ताणून मोजलेला डोळा, किती, एवढं पुरे. यापेक्षा लांब फॉर्म कोणी भरत नाही.

या नोंदींतून तीन आकडे काढायचे. कायद्याच्या मापापेक्षा लहान किती टक्के, पहिली अंडी घालण्याच्या मापापेक्षा लहान किती टक्के, आणि खूप मोठे, जुने मासे अजून दिसतात का. पहिल्या दोन मापांत फरक आहे आणि तो नीट समजून घ्या. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींची किमान कायदेशीर मापं ठरवली: पापलेट १३५ मिमी, बोंबील १८० मिमी, सुरमई ३७० मिमी, घोळ ७०० मिमी वगैरे. ही तळाची रेघ आहे. मोठ्या जातीची सुरमई पहिली अंडी घालते साधारण ६५ ते ७५ सेंमीला, म्हणजे ३७० मिमीची सुरमई कायद्याने चालते पण तिने अजून एकदाही अंडी घातलेली नसतात. सोसायटीला कायद्यापेक्षा कडक माप ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही.

आता जाळं. डोलीचा खोला हा पालघर-मुंबई-रायगडच्या डोल पट्ट्याचा खरा प्रश्न आहे. डोल स्थिर जाळं आहे, पाण्याच्या ओढीवर चालतं आणि ओढीबरोबर जे येईल ते खोल्यात जातं. खोल्याचा आस २० मिमी किंवा त्याहूनही बारीक असतो. त्यातून बोंबलाचं पिल्लू सुटत नाही, सुटलं तरी तासन्‌तास ओढीखाली दबून मेलेलं असतं. तक्रार अशी येते की आस वाढवला तर जवळा आणि मांदेली निघून जाईल. तक्रार रास्त आहे. जवळ्याला बारीक आस लागतोच. उपाय म्हणजे दोन खोले ठेवणे: जवळ्याच्या दिवसांत बारीक आणि बोंबलाच्या दिवसांत मोठ्या आसाचा. खोला सुटा करून बांधता येतो, पूर्ण जाळं बदलावं लागत नाही. बदलाची तारीख सोसायटी ठरवते आणि त्या दिवसानंतर बारीक खोला बोटीवर दिसला तर डिझेल नाही.

किती नुकसान होईल याचा अंदाज डोलवाल्यांइतका सोपा दुसऱ्या कोणालाच काढता येत नाही. शेजारशेजारच्या दोन कवींवर (कव म्हणजे डोल बांधायची समुद्रातली ठरलेली जागा) एकाच पाण्याला एकावर जुना खोला आणि दुसऱ्यावर नवा लावा. दोन्हीचा माल वेगळ्या टबांत ठेवा, जातवार वजन करा, ५० बोंबील मोजा. पुढच्या पाण्याला खोले अदलाबदल करा, कारण एखादी कव मुळातच जास्त धरते. अशा दहा जोड्या झाल्या की वादाला जागा राहत नाही. पहिल्या हंगामात नव्या खोल्यात वजन कमी भरेल, हे आधीच सांगा. लपवलं तर दुसऱ्या आठवड्यात लोक जुना खोला परत बांधतात. वजनाबरोबर लिलावाचे पैसेही लिहा. कमी झालेल्या वजनातला बराच भाग सुकवायच्या किंवा फिशमीलला जाणाऱ्या बारीक मालाचा असतो आणि त्याला भाव थोडाच असतो.

ट्रॉलरला खोल्यात ४० मिमीचं चौकोनी आसाचं जाळं लावायचं. शंकरपाळ्याच्या आकाराचा नेहमीचा आस ओढ बसली की मिटतो. माप ४० मिमीचं असूनही खोला भरला की मधला भाग जवळजवळ बंद असतो. चौकोनी आस ओढीखालीही २० बाय २० मिमी उघडा राहतो. तेच जाळं ४५ अंशांत फिरवून, काड्यांच्या, म्हणजे आसाच्या बाजूंच्या, रेषेत कापून असा खोला बनवता येतो, पण गाठीचं जाळं असेल तर गाठी सरकतात आणि महिन्याभरात आस वाकडे होतात. शक्यतो बिनगाठीचं किंवा विणलेल्या दोऱ्याचं जाळं घ्या. शिवणीवर बाजूने दोर घातला नाही तर सगळा भार काड्यांवर येतो आणि भरलेला खोला वर उचलतानाच फाटतो. मग लोक म्हणतात चौकोनी आस टिकत नाही, दोष असतो शिवणीचा.

आणि एक गोष्ट जी बऱ्याच प्रशिक्षणांत सांगितली जात नाही: चौकोनी आस लांबट, गोल अंगाच्या माशांना उपयोगी आहे. पापलेटसारख्या उंच, चपट्या माशाचं पिल्लू त्यातून सहज निघत नाही, त्याला शंकरपाळा आसच सोयीचा. म्हणून चौकोनी खोला लावला म्हणजे पापलेट वाचलं असं धरू नका. पापलेटसाठी जागा आणि वेळ सांभाळावी लागते, त्याकडे पुढे येतो.

आस मोजताना जाळं ओलं हवं. सुकलेलं नायलॉन वेगळं माप देतं. दोन मिमी जाडीच्या पत्र्याची किंवा अ‍ॅक्रिलिकची पाचरीसारखी पट्टी करून घ्या, कडेला मिमीच्या खुणा. खोल्याच्या लांबीच्या दिशेने सलग २० आस मोजून सरासरी काढा, शिवणीजवळचे तीन-चार आस सोडून. एका आसावरून कोणाला दोषी धरू नका. बघायचं आणखी एक आहे: खोल्यावर दुसरं जाळं चढवलेलं आहे का. घासू नये म्हणून तळाला जाड जाळं बांधतात ते ठीक, पण तेच वरपर्यंत गुंडाळलं की ४० चा आस कागदावरच राहतो. खोल्याला मध्येच दोर आवळून बांधणं हाही त्यातलाच प्रकार.

गिलनेटचं गणित वेगळं आणि फार स्पष्ट आहे. गिलनेटमध्ये आस जेवढा, त्या प्रमाणात माशाची लांबी. आणि लांबीच्या घनाच्या प्रमाणात वजन. १५० मिमीच्या आसात सरासरी एक किलोचा मासा अडकत असेल, तर ११५ मिमीच्या आसात त्याच जातीचा साधारण ४५० ग्रॅमचा अडकेल. आस फक्त पाऊण राहिला आणि माशाचं वजन निम्म्याहून खाली आलं. पापलेटसाठी १२६ मिमीच्या आसपासचा आस सुचवलेला आहे. मोठा मासा कमी झाला म्हणून आस लहान करायचा, त्यामुळे मोठा होणारा मासा आणखी कमी होतो, मग आस पुन्हा लहान. या उतरंडीवर एकटा नाखवा (बोटमालक) थांबू शकत नाही, कारण शेजारचा थांबत नाही. सगळ्यांनी एकाच तारखेला थांबायचं, हे काम सोसायटीचंच.

लहान मासा सोडला तर तो आपल्याच हाती परत येईल कशावरून, हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. हिशेब करून दाखवा. मासा दीडपट लांब झाला की वजन ३.३७ पट होतं. शंभर पिल्लं सोडली आणि तेवढं वाढेपर्यंत त्यातली निम्मी दुसऱ्या माशांनी खाल्ली किंवा मेली असं धरलं, तरी उरलेल्या ५० चं वजन मूळ शंभराच्या १६८ टक्के भरतं. शिवाय मोठ्या मापाला किलोमागे भाव जास्त. आणि त्यातल्या काहींनी मध्ये अंडी घातलेली असतात, ती वेगळीच.

पापलेटची पिल्लं थव्याने येतात, ठरावीक जागी, ठरावीक दिवसांत. मापांच्या नोंदी एक वर्ष ठेवल्या की तुमच्या भागातले ते आठवडे आणि ते वाव तुम्हाला कळतील. त्या वेळी चालणारा नियम असा: एका जाळ्यात मोजलेल्या पापलेटांपैकी ठरलेल्या टक्क्यांहून जास्त पिल्लं आली की तांडेलाने वायरलेसवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर जागा कळवायची आणि त्या जागेवर पुढचे काही दिवस कोणी जाळं टाकायचं नाही. सुरुवातीला २० टक्के धरा, पुढे खाली आणा. गिलनेट आणि ट्रॉलरला हलता येतं. डोलीची कव हलत नाही, म्हणून तिथे नियम वेगळा: तेवढ्या उधाणापुरतं जाळं उचलायचं. करली डोलीत (डोलीचाच एक प्रकार) पापलेटची पिल्लं जास्त येतात, म्हणून ती पहिली उचलायची. डोलवाल्याचं नुकसान गिलनेटवाल्यापेक्षा जास्त होतं हे उघड आहे. वाचलेलं पापलेट पुढे गिलनेटवाल्याच्याच जाळ्यात जाणार. तेव्हा त्या दिवसांचा बर्फ किंवा कर्जाचा हप्ता सोसायटीने सांभाळावा, नाहीतर कवींच्या जुन्या वादात आणखी एक भर पडेल.

पश्चिम किनाऱ्यावरची पावसाळी बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची आहे. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात न जाण्याचा जुना रिवाज बऱ्याच वर्षी याहून लांब जातो, आणि ज्या गावांनी तो धरून ठेवला आहे त्यांनी तो सोडू नये. पण बंदीकडून जास्त अपेक्षाही ठेवू नका. दोन महिने सांभाळलेली पिल्लं ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बारीक खोल्यात भरली तर बंदीचा फायदा पंधरा दिवसांत संपतो. बंदी आणि आस एकत्रच चालतात.

ओट्यावर काय करायचं? लहान मापाचा माल लिलावाला लावायचा नाही, हा नियम लिहायला सोपा आणि राबवायला अवघड. एकेक मासा मोजत बसलं तर लिलाव थांबतो. त्याऐवजी किलोत किती नग हे बघा. बरोबर कायदेशीर मापाचे वीस बोंबील वजन करा, त्यावरून किलोला किती नग बसतात ते काढा आणि तो आकडा ओट्याच्या खांबावर रंगवा. क्रेटमधला एक किलो मोजला, नग जास्त निघाले, क्रेट बाजूला. केरळात कोल्लमच्या अष्टमुडी खाडीत तिसऱ्यांचं व्यवस्थापन याच धर्तीवर बसवलं: जाळ्याचा आस ३० मिमी, डिसेंबर ते फेब्रुवारी बंदी, आणि निर्यातीच्या मांसात किलोला १४०० पेक्षा जास्त नग नाहीत. २०१४ मध्ये त्या मासेमारीला टिकाऊ मासेमारीचं आंतरराष्ट्रीय एमएससी प्रमाणपत्र मिळालं, भारतात पहिलं. मोजमाप साधं होतं म्हणून ते टिकलं.

धोका एकच: ओटा कडक आणि खोला जुनाच, तर बारीक माल बंदराला न आणता समुद्रात टाकला जाईल. बोंबील, मांदेली, पापलेट वर आले की मेलेलेच असतात, टाकून काही वाचत नाही. म्हणून आधी खोला बदला, एक हंगाम जाऊ द्या, मग ओट्याचा नियम लावा. शेवंड मात्र याला अपवाद आहे. ती चिवट असते, जिवंत सोडली तर जगते. शेपटीखाली अंड्यांचा घोस असलेली मादी जागेवरच पाण्यात सोडायची, मग ती कितीही मोठी असो. २००३ पासून निर्यातीला चिखलातल्या शेवंडीचं किमान वजन ३०० ग्रॅम आणि चपट्या शेवंडीचं १५० ग्रॅम आहे. मुंबईच्या ट्रॉलरना मिळणारी चपटी शेवंड १९९४ पर्यंत जवळजवळ संपली, आणि त्यात अंड्यांवरच्या माद्या सरसकट धरण्याचा मोठा हात होता.

खलाशांशी आधी बोला. बऱ्याच बोटींवर बारीक मालाचे पैसे हा खलाशांचा वरखर्च असतो. नाखव्याने नियम मान्य केला आणि खलाशाचा वाटा परस्पर गेला, तर खोल्यावर दुसरं जाळं रात्री कोण चढवेल हे वेगळं सांगायला नको. वाट्याच्या हिशेबात तेवढी वाढ पहिल्याच दिवशी करा.

बाहेरच्या बोटींचं काय, हा प्रश्न यानंतर येतोच. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, राज्याच्या अखत्यारीत, त्यापुढे केंद्राच्या. राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. २०२१ च्या दुरुस्तीने दंडाचे अधिकार तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे आले आणि एलईडी दिव्यांवरच्या मासेमारीचा दंड २० लाखांपर्यंत गेला. केंद्रानेही २०१७ मध्ये एलईडीला बंदी घातली. पर्ससीनला (थव्याभोवती टाकून तळाशी आवळायचं मोठं जाळं) २०१६ च्या आदेशाने सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच हंगाम आहे आणि झाई ते मुरुड पट्ट्यात ती चालतच नाही. तक्रार करताना "मोठ्या बोटी आल्या होत्या" असं लिहून काही होत नाही. बोटीचा नोंदणी क्रमांक, जीपीएसवरचे अक्षांश-रेखांश, वेळ, आणि त्या वेळेचा स्क्रीन दिसणारा फोटो, असा अर्ज सोसायटीच्या लेटरहेडवर द्या आणि पोच घ्या. आणि तक्रारीआधी स्वतःचे खोले नीट करा. स्वतःच्या बोटींवर बारीक आस असलेल्या सोसायटीची तक्रार कार्यालयात टिकत नाही.

परिणाम कधी दिसेल? बोंबील लवकर वाढतो, वर्षभरात अंड्यावर येतो, म्हणून खोला बदलल्यावर एक-दोन हंगामांत मापात फरक दिसायला हवा. घोळ, सुरमईला कितीतरी जास्त. मुशी मोजकीच पिल्लं देते, तिला सगळ्यात जास्त वेळ लागतो. आणि समुद्राचंही स्वतःचं चालतंच. केरळात २०१२ मध्ये तारली जवळपास चार लाख टन मिळाली आणि २०२१ मध्ये साडेतीन हजार टनांपेक्षाही कमी. त्यात एल निनोचा, बदललेल्या पाण्याचा हात होता आणि पिल्लं धरण्याचाही. केरळने २०१५ मध्ये तारलीला १० सेंमी आणि बांगड्याला १४ सेंमी माप लावलं, तरी तारली लगेच उभी राहिली नाही. त्यामुळे एखादं वर्ष वाईट गेलं म्हणून नियम मोडीत काढू नका, आणि चांगलं गेलं म्हणून सगळं श्रेय नियमालाही देऊ नका. शंका आली की मापांची वही उघडा. दर जाळ्यामागचे किलो कमी आणि मापं मोठी, असं असेल तर पिल्लांची भर कमी पडली आहे. किलो तेवढेच आणि मापं लहान, तर आस पुन्हा बारीक झालाय, जाऊन खोले मोजा.

जाळ्यात कासव, देवमासा किंवा बहिरी मुशी (व्हेल शार्क) असा संरक्षित जीव अडकला तर जाळं कापून सोडा. फाटलेल्या जाळ्यासाठी राज्याची २५,००० रुपयांपर्यंत भरपाईची योजना आहे, पण त्याला सोडतानाचे फोटो किंवा व्हिडिओ लागतात. तांडेलाच्या फोनमध्ये जागा रिकामी असू द्या.

वेळेचा हिशेब असा धरा. जाळी दुरुस्तीला निघतात पावसाळ्यात, तेव्हा नव्या खोल्यांच्या जाळ्याची मागणी मे महिन्यातच एकत्रित नोंदवा, घाऊक घेतलं तर स्वस्त पडतं आणि सगळ्यांचा आस एकच राहतो. जून-जुलैत जाळी विणणाऱ्या दोघा-तिघांना चौकोनी खोल्याची शिवण शिकवा. नारळी पौर्णिमेआधी प्रत्येक बोटीचा खोला ओला करून पाचरीने मोजा, वहीत लिहा, नाखव्याची सही घ्या आणि मगच पहिलं डिझेल द्या. हंगामाच्या पहिल्या उधाणाला दोन कवींवर दोन खोले लावून मोजणी सुरू करा.